निजवलेलं रान

"पाय ठेवायचा नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. निजलंय ते."

आत्याने हे कधी ओरडून सांगितलं नाही. ओरडली असती तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता आलं असतं. पाळण्यातलं मूल उठेल अशा बेताने, आवाज अगदी तळाला नेऊन ती सांगायची, आणि सांगताना स्वतःची पावलं ओहोळाच्या अलीकडे जुळवून उभी राहायची. पंचेचाळीस वर्षांमागचा तो आवाज मंगळवारी सकाळी, नकाशाघरातल्या काचेच्या टेबलाखालचा दिवा लावता लावता तिच्या नकाशे काढणाऱ्या भाचीच्या कानाशी आला आणि भाचीचा हात बटणावरच राहिला. टेबलावर नुकताच नळकांड्यातून काढलेला जुना नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर शिशाची चार वजनं ठेवलेली. खालून उजेड आला तशा रेषा वर आल्या. डोंगराचा माथा, उतरणीची वळणं, दोन ओहोळ, आणि त्या ओहोळांनी पाडलेले रानाचे तीन भाग. पश्चिमेचा भाग वाटांनी, झऱ्यांनी, गुरं बसायच्या जागांनी गजबजलेला. मधलाही तसाच. पूर्वेचा मात्र पांढरा. नुसता पांढरा. खाली उजव्या कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याची सही असते तिथे तिची सही होती, अजून वळण न बसलेली, पंचवीस वर्षांच्या मुलीची.

"सोपं काम आहे बाई तुमचं," टेबलापलीकडचा माणूस म्हणाला. कुंपण घालणाऱ्या कंपनीचा हा कारकून. अर्ज घेऊन आला होता आणि बसा म्हटलं तरी उभाच होता. "आत काहीच नाही. चहा पिता पिता होईल. शुक्रवारी जागेवरच सुनावणी आहे, तेवढी सही-शिक्क्याची नक्कल हातात असली की बरं."

"नक्कल म्हटली की पांढरंही उतरवावं लागतं," ती म्हणाली.

"पांढरं काय उतरवणार!" तो मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने फोन पुढे करून तिला फोटो दाखवले. "हे बघा, कमरेइतकं गवत. एक खूर उमटलेला नाही, कुठे चुलीची राख नाही. आणि ती डोंगरी मंडळी म्हणतात, रान आमचं. अहो, ज्याचं असतं तो वापरत नाही का? आमच्या घरात एक खुर्ची रिकामी राहत नाही."

फोटोतलं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलं होतं. त्याच्या कडेने नवे कोरे लोखंडी खांब, आणि खांबांमधून पाच पदरी तार. तिने फोटोकडे पाहिलं आणि एकदम नजर काढून घेतली, उघड्या दारातून कुणाचं निजलेलं माणूस दिसावं तशी. उद्या दुपारी या, असं ती त्याला म्हणाली. तो गेल्यावरही जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज येत राहिला, आणि तो आवाज त्या गवतातून चालल्यासारखा तिला वाटला. शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, "काय हो नकाशेबाई, डोंगराचं काम का? त्या लोकांना म्हणे सात पिढ्यांत कुंपण माहीत नाही. घराला दार तरी असतं की नाही कोण जाणे." सगळे हसले. तीही थोडं हसली. सत्तावीस वर्षं ती असंच थोडं हसत आली होती. या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं की ती त्या लोकांतली आहे. कुणी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेल्या गोष्टीवर वर्षांची साय धरत गेली होती.

दार होतं की. दाराला कडी मात्र नव्हती. आणि रानाला दारही नव्हतं, कडीही नव्हती, तरी त्यात केव्हा जायचं आणि केव्हा नाही हे शेळीच्या करडालाही कळायचं. रान सगळ्यांचं, म्हणून कुणा एकाने त्याला ओरबाडायचं नाही. तीन भाग, तीन-तीन वर्षं एकेकाने निजायचं. निजलं की निजलं. पडलेली काटकी उचलायची नाही, मधाचं पोळं दिसलं तरी मान फिरवायची, शेळी शिरलीच तर हाक मारून बाहेर बोलवायची, आत जाऊन ओढायची नाही. धाकटा भाऊ एकदा चेंडूमागे ओहोळ ओलांडून गेला होता तर आत्याने त्याला मारलं नाही. ज्या वाटेने गेलास त्याच पावलांवर पाय देत परत ये, म्हणाली, आणि तो रडत रडत स्वतःची पावलं शोधत उलटा आला. चेंडू तीन वर्षं आतच राहिला. तिसऱ्या वर्षी ओहोळ आटून त्याचे दगड उघडे पडले, की रान उठवायचं. ते काम आत्याच्या घरातल्या बाईचं. तिने अनवाणी पलीकडे जायचं, झऱ्यावरचा पाचोळा हाताने बाजूला करायचा, ओंजळभर पाणी प्यायचं आणि मागे वळून हाक द्यायची. मग अख्खी वस्ती, गुरं, शेळ्या, म्हाताऱ्या, सगळ्यांनी गलका करत आत शिरायचं. त्या वर्षी भावाला चेंडू सापडला. त्यातून गवत उगवलं होतं. तो म्हणाला, "आत्या, याला पण झोप लागली होती," आणि आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तिने दिवा बंद केला. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. हातून काय झालं होतं ते तिला आता एकेका बारकाव्यानिशी आठवत होतं. काल विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की आठवत नाही. नोकरीचं पहिलंच वर्ष. मोजणीदार, गुडघ्यापर्यंत बूट घालणारा एक भला गृहस्थ, त्या डोंगरावरून मोजणी करून आला आणि त्याची वही तिच्यापुढे पडली. वहीत सगळं होतं. तो बिचारा मोजणीची साखळी घेऊन सरळ निजलेल्या रानातूनच चालत गेला होता. त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी तो सरकारी माणूस. गवताखाली दबलेल्या वाटा, झरा, तीन दगडांच्या चुली, मधाच्या झाडांवरच्या खुणा, सगळं त्याने पावलापावलाला लिहून ठेवलं होतं. तिने पश्चिमेचा भाग काढला, मधला काढला. पूर्वेच्या भागावर आली आणि टाकाचं टोक कागदापासून केसभर वर राहिलं. बोटसुद्धा लावायचं नाही. शाईने वाट काढायची म्हणजे चालायचंच ना त्यावर? तिला तेव्हा ते अगदी उघड वाटलं होतं, दोन आणि दोन चार इतकं. पुढच्या वर्षी ओहोळाचे दगड वर आले, आत्याने रान उठवलं, की आपण हा भाग भरू, असं तिने मनाशी ठरवलं. नवीन मुलगी, कुणाला विचारायचं धाडस नव्हतं, सांगायचं तर त्याहून नव्हतं. चार दिवसांनी साहेबांनी नकाशा उचलला, शिक्का मारला, नळकांड्यात घातला. पुढच्या वर्षी टेबलावर दुसरा डोंगर होता, मग नदीकाठ, मग शहराचे रस्ते. पांढरं पांढरंच राहिलं. तिने पापभीरूपणाने जे राखलं, त्यालाच कुणीतरी एक दिवस रिकामं म्हणेल, हे सात जन्मांत तिच्या मनात आलं नसतं. आणि पूर्वेचं रान उठून, पुन्हा निजून, नऊ-नऊ वर्षांचे तीन फेरे पुरे करून आज बरोबर त्याच जागी आलं होतं. निजेच्या शेवटच्या वर्षी. नकाशा म्हणतो काही नाही, डोळे म्हणतात काही नाही. दोन साक्षीदार, एक तिने उभा केलेला, दुसरा तिच्याच माणसांनी.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला होता. एक खोली, एक ओटा, एक खिडकी. खिडकीत मातीने भरलेली एक कुंडी. ती तिने वस्तीवरून येताना आणली होती, आणि रोज सकाळी आंघोळ झाली की काहीही तोंडात घालण्याआधी ती त्या मातीवर चार थेंब पाणी शिंपडून हात जोडायची. ताप असो, घाई असो, हा नेम तिने मोडला नव्हता. कुंडीत काही लावलेलं नव्हतं. शेजारच्या काकू येता-जाता चिडवायच्या, "अगं, दगडाला पाणी घातलं असतंस तर एव्हाना शेवाळ तरी आलं असतं. एक पुदिन्याची काडी देऊ का?" ती म्हणायची, "नको काकू, निजलीय ती." काकूंना वाटायचं, एकट्या बाईचं एवढं तेवढं चालायचंच. आज खोलीत शिरल्यावर तिला पहिल्यांदाच वाटलं की काकूंचं खरं असेल. तीन वर्षांनी उठवायची असते माती. ही सत्तावीस वर्षं निजलीय. कोण उठवणार होतं हिला? निजवणं तेवढं तिला जमलं होतं. नकाशा निजवला, कुंडी निजवली, बोलीतले शब्द निजवले, दोनदा लग्नाचं विचारायला आलेला मोजणीखात्यातला एक शांत माणूस होता, त्याचं उत्तरही तसंच निजवून ठेवलं, आणि तो बदली होऊन गेला. राखणं आणि टाकून देणं यांत एका हाकेचा फरक असतो. ती हाक तिने कुठेच दिली नव्हती.

फोन वाजला. धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं, आता त्यालाही नातवंडं होती.

"ताई, जेवलीस?"

"जेवले," ती खोटं बोलली. "तू?"

"आम्ही काय, खातोय शिव्या. खांब पार ओहोळापर्यंत आलेत. गेल्या आठवड्यात दोन पोरांनी तारेला हात लावला तर दोघांवर केस. हात लावला म्हणून केस, ऐकलंस? आणि तीन वर्षं आम्ही हात लावला नाही, तर म्हणतात तुमचं नाहीच. आता हात लावायचा की नाही लावायचा, ते एकदाचं लिहून तरी द्या म्हणावं."

 तारेतून गाळून आल्यासारखा त्याचा श्वास ऐकू येत होता.

"शुक्रवारी येणार आहेत मोठे लोक. सरकारी नकाशात म्हणे तो भाग कोराच आहे. कोणा आंधळ्याने काढलाय देव जाणे. ताई, तू तिथंच असतेस ना नकाशांच्यात? तूच काढला असतास तर किती बरं झालं असतं."

तिने ओट्याची कड धरली. "हो," ती म्हणाली. तेवढंच निघालं तोंडातून. कशाला हो, ते त्याने विचारलं नाही.

"थांब, आत्याला द्यायचाय. सकाळपासून मागे लागलीय."

बराच वेळ कापडाची सळसळ, मग फोन उलटा धरल्याचा आवाज, मग भावाचं, "अगं, इकडून बोल, तो कानाचा भाग," आणि मग तो आवाज. पंचाण्णव वर्षांचा, पण होता तेवढ्याच तळाचा.

"दगड वर आलेत गं ओहोळाचे."

"हो आत्या."

"माझे पाय गेले."

"माहीत आहे."

"मागच्या खेपेला दोघींनी काखेत धरून नेलं मला. तेव्हा तू म्हणालीस, पुढच्या वेळी मी येईन. मी काही धरून बसले नाही हो त्याला. शहरात कामं असतात. पण झऱ्यावर पाचोळा फार झाला असेल. जास्त निजवलं की रान रुसतं. तार असेल तर असू दे. तार काय, काल आली." मग जरा थांबून, "तू खातेस ना नीट? आवाज उपाशी येतोय."

फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशीच उभी राहिली. मागच्या खेपेला, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, ती दोन दिवसांची रजा काढून गेली होती, आणि तिने खरंच तसं म्हटलं होतं, निघायच्या घाईत, गाडीत पाय ठेवता ठेवता. त्या वेळी ती पूर्वेच्या रानातून फिरली होती, झऱ्यावर पाणी प्यायली होती, आणि आपण हे कागदावर पांढरं ठेवलंय हे तिला आठवलंही नव्हतं! याचीच तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटली. पाणी पिताना ते पाणी तिच्याकडे बघत असेल.

बुधवारी सकाळी तिने नक्कल उतरवली. एक टिंबही इकडचं तिकडे केलं नाही. मनात आलं नाही असं नाही. टाक हातात होता, वाटा तोंडपाठ होत्या. झऱ्यापासून मधाच्या झाडाकडे जाणारी वाट तर ती डोळे मिटून काढू शकली असती. पण खोट्या नकाशाने खरं रान परत मिळवायचं म्हणजे उष्ट्या पाण्याने देव धुवायचा. तिने पांढरं पांढरंच उतरवलं, नीट, कडेकडेने, आणि ते उतरवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुपारी कारकून आला, नक्कल घेतली, आभार मानले. "बघा, म्हणालो होतो ना, सोपं काम."

"शुक्रवारी तुम्ही असाल का तिथे?" तिने विचारलं.

"असणार की. का हो?"

"मग भेटूच," ती म्हणाली. त्याला ते चेष्टेसारखं वाटलं असावं.

मग ती तळघरात उतरली. मोजणीच्या वह्या तिथे असतात. त्या कुणी मागत नाही, कारण नकाशा झाला की वही मेली असंच सगळे धरून चालतात. तासाभराने, धुळीने दोन्ही हात राखाडी झाल्यावर, ती वही सापडली. मोजणीदाराचं अक्षर मुंगीसारखं बारीक. 'ओहोळापासून बेचाळीस साखळ्या. जुनी पायवाट, गवताने झाकलेली. झरा, बांधीव काठ. चुली, तीन ठिकाणी. वस्तीवाले सांगतात, भाग विश्रांतीस सोडला आहे, पुढील वर्षी वापर सुरू होणार.' शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं तर. आणि त्या बुटवाल्या परक्या माणसाने ते लिहून ठेवलं होतं. तिने, घरच्या लेकीने, ते कागदावर येऊ दिलं नव्हतं. तळघरात तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती शिंक, आणि मग एकटीच हसली.

साहेब वयाने तिच्याहून लहान होते. वहीच्या त्या पानांची नक्कल आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं निवेदन, दोन्ही त्यांनी वाचलं. मग दार लोटून घेतलं.

"बाई, हे काय आहे? 'सदर भाग मी जाणूनबुजून कोरा सोडला. वहीतील नोंदी नकाशात घेतल्या नाहीत. ही चूक सर्वस्वी माझी.' कळतंय का तुम्हाला? चौकशी लागेल. निवृत्तीला सहाच वर्षं राहिलीत."

"हो."

"सत्तावीस वर्षांत तुमच्या रेषेत कुणी खोट काढली नाही. आणि आता स्वतःच सांगताय? हे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा."

"धोंडा नाही साहेब. पाय मोकळा करतेय."

त्यांनी चष्मा काढला. "पण सोडला का कोरा? काहीतरी कारण असेल ना?"

तिने खाली बघितलं. टेबलाच्या काचेत तिचाच चेहरा होता, खालून उजेड नसलेला. "तिथे पाय ठेवायचा नव्हता," ती म्हणाली. आणि मग, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, त्या इमारतीत, "मी तिथलीच आहे. ते आमचं रान."

 बाहेर कुणाच्या तरी फोनचं गाणं वाजून थांबलं. मग साहेबांनी वहीच्या नकलेवर सही केली, शिक्का मारला, शिक्का नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला. निवेदनावर 'मिळाले' लिहून तारीख घातली. "रजेचा अर्ज?" तिने तोही पुढे केला. "किती दिवस, ते लिहिलं नाहीत."

"ते तुम्हीच भरा," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या पोराने ती निघताना मान वर केली. भिंत पातळ होती. त्याने सगळं ऐकलं असावं; त्याचे कान लाल झाले होते. "नकाशेबाई," तो म्हणाला, आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. "दार असतं," ती त्याला म्हणाली. "घराला. कडी नसते." चिडून म्हणाली नाही, चुकलेलं मोजमाप सुधारावं तसं सांगितलं.

गुरुवारी पहाटे तिने आंघोळ केली, कुंडीपाशी आली. चार थेंब शिंपडून हात जोडले. मग जरा विचार करून कुंडी उचलली आणि काकूंच्या दारात नेऊन ठेवली. दार किलकिलं झालं. "अगं बाई, एवढ्या पहाटे? काय झालं?"

"तुमची पुदिन्याची काडी लावा यात काकू."

"आणि तुझी ती निजलीय म्हणायचीस ती?"

"पुष्कळ झाली तिची झोप."

काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारी कागदांची गुंडाळी, पायांत अगदी जुन्या, पट्टा सैल झालेल्या चपला. "आणि या कसल्या चपला घातल्यास? प्रवासाला चाललीस ना? चांगल्या आहेत की तुझ्याकडे."

"या पटकन निघतात," ती म्हणाली.

जिना अजून अंधारात होता. पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या, तरी आज ती प्रत्येकीवर पूर्ण पाऊल टेकून उतरली. तार कुठपर्यंत आलीय, पोलीस असतील का, कारकून काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल. 'कोणा आंधळ्याने' म्हणाला होता, त्याला सांगताना आवाज फुटेल का. हे सगळं तिच्याबरोबर एकेक पायरी उतरत होतं. निवेदन वाचून ते मानतीलच असं नव्हतं. पण ते सगळे येण्याआधी, शुक्रवारचं ऊन झऱ्यावर पोचण्याआधी, तिला तारेखालून एकदा पलीकडे जायचं होतं, पाचोळा बाजूला करायचा होता, आणि मागे वळून हाक द्यायची होती. केस होईल तर होईल. हाक कशी द्यायची ते तिला आठवत होतं का? तिने ओठ हलवून पाहिले. आवाज आला नाही. नुसता श्वास आला. असू दे. सहा तासांचा रस्ता होता.

फाटकापाशी रखवालदार शेकत बसला होता. "एवढ्या सकाळी कुठे बाई?"

"घरी," ती म्हणाली, आणि फाटकाची कडी स्वतःच काढून बाहेर पडली.